फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांना एकच वळण लागले आहे. घरात आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असतो. मोठ्या मुलासाठी बारावीनंतर घेतलेला, मग लॉकडाऊनमध्ये धाकट्यांची शाळा त्याच्यावरच झालेली, आणि आता अब्बा त्यात दुकानाचा हिशेब ठेवतात. विंडोज ११ त्याच्यावर बसत नाही, कारण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. मग कुणीतरी दुसरी प्रणाली टाकायला जातो, मध्येच काहीतरी अडते, आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी पांढऱ्या अक्षरांत येऊन यंत्र गप्प बसते. लॅपटॉप दुकानात जातो. दुकानदार झाकण उघडून पाहतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल."

या तीन शब्दांवरच या महिन्याचे सदर आहे.

मुलुंड पश्चिमेहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांच्या धाकट्या दीराने लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट टाकले होते. चार महिने दोन्ही सुरळीत चालले. मग विंडोजला जागा कमी पडू लागली म्हणून त्याने विंडोजमध्ये शिरून लिनक्सचा कप्पा उडवला. जागा मोकळी झाली, पण दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केले तर विंडोजही नाही आणि लिनक्सही नाही. पडद्यावर फक्त "एरर: नो सच पार्टिशन" आणि त्याखाली "ग्रब रेस्क्यू" एवढेच. जवळच्या एका दुकानात सांगितले, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारून पाहू. पण त्या डिस्कमध्ये सासूबाईंच्या आवाजातली चाळीसएक रेकॉर्डिंग होती. सासूबाई श्रीवर्धनकडच्या. सांदण कसे करायचे, लग्नात कोणती गाणी म्हणायची, कोणाचे घर कोणाशी कसे जोडलेले, हे सगळे त्यांनी नातवंडांना कोकणीत सांगितलेले. मागच्या वर्षी त्यांचा इंतेकाल झाला. फोन केव्हाच बदलला होता. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

डिस्क गेलेली नव्हती. रेकॉर्डिंगही गेलेली नव्हती. असे आम्ही त्यांना पत्र वाचताच सांगू शकलो, यात आमची काही करामत नाही. पडद्यावरची ओळच ते सांगत होती, फक्त ती वाचायची कशी हे ठाऊक हवे.

यंत्र चालू केले की सर्वांत आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो यूईएफआय असतो. रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का हे तो पाहतो आणि मग कुणाला तरी हाक मारतो. ज्याला हाक मारायची तो बूट लोडर. विंडोजचा आपला वेगळा असतो, लिनक्सच्या बूट लोडरचे नाव ग्रब. बूट लोडर पुढे जाऊन प्रणालीला उठवतो. आणि डिस्क म्हणजे आतून भिंती घातलेले एक मोठे घर समजा. कोणती भिंत कुठे आहे याचा एक तक्ता डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहिलेला असतो. जुन्या पद्धतीचा तक्ता एमबीआर. तो १९८३ पासूनचा, ५१२ बाइटच्या एवढ्याशा जागेत कोंबलेला, म्हणून त्यात मुख्य कप्पे चारच मावतात आणि साधारण २ टेराबाइटच्या पुढची जागा त्याला दिसत नाही. नव्या पद्धतीचा तक्ता जीपीटी. त्यात सहसा १२८ कप्प्यांची सोय असते, शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

म्हणजे हाक मारणारा वेगळा, ओ देणारा वेगळा, भिंतींचा तक्ता वेगळा आणि खोल्यांतले सामान वेगळे. पहिल्या तिघांत कुठेही गडबड झाली की पडदा काळा होतो. सामान मात्र जिथल्या तिथे असते. लॅपटॉप सुरू होत नाही आणि फोटो गेले, ही दोन वाक्ये आपल्याकडे एका दमात बोलली जातात. ती एक नाहीत.

मुलुंडच्या लॅपटॉपमध्ये ग्रब ओ देत होता, पण ज्या खोलीत त्याचे कागद ठेवलेले होते तीच खोली दीराने पाडलेली. म्हणून तो म्हणत होता, असा कप्पा नाही. विंडोजची खोली शेजारी शाबूत होती. यूईएफआय यंत्रात याचा इलाज पाच मिनिटांचा असतो. यंत्र चालू करताच बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोव्हो यांत सहसा एफ१२, एचपीत एफ९, एसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. यादीत "विंडोज बूट मॅनेजर" दिसते, ते निवडायचे. विंडोज उघडते. मग सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या क्रमात तेच नाव पहिल्या जागी आणायचे. जुन्या बायोसच्या यंत्रात विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीच्या भागात जाऊन "बूटरेक" आज्ञेने एमबीआर नव्याने लिहावा लागतो. तेही दहा मिनिटांचे काम. त्यातही आतल्या फाइलींना हात लागत नाही.

तरीही आम्ही त्यांना हे आधी सांगितले नाही. आधी सांगितले ते नक्कल काढायला. दुसऱ्या कुणाच्या संगणकावर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार करून घ्या, तो लावून यंत्र सुरू करा आणि काहीही इन्स्टॉल न करता नुसते वापरून पाहा. या रीतीने सगळी प्रणाली पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये चालते आणि डिस्कवर काही लिहीत नाही. फाइल मॅनेजर उघडला की डावीकडे विंडोजचा कप्पा दिसतो. त्यात "यूजर्स", मग घरातल्या माणसाचे नाव, आणि मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. हे सगळे उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायचे. चाळीसही रेकॉर्डिंग निघाली. दुरुस्ती त्यानंतर.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. "सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी चालेल, माझे सामान तर डेस्कटॉपवर आहे." डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. डॉक्युमेंट्सही, डाउनलोड्सही. टॅलीत हिशेब ठेवणाऱ्यांनी तर तो डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे टॅलीतच उघडून आधी पाहावे. तो बहुधा यांपैकी कुठेच नसतो आणि नक्कल करताना नेमका तोच मागे राहतो.

आता त्या पडद्याकडे येऊ जिथे खरे नुकसान होते. नवी प्रणाली टाकताना एक पडदा येतो आणि विचारतो, कुठे टाकू? खाली यादी असते: ड्राइव्ह ० पार्टिशन १, ड्राइव्ह ० पार्टिशन २, असे. तिथे सी, डी ही ओळखीची अक्षरे दिसत नाहीत, आणि दुरुस्तीच्या काळ्या खिडकीत दिसली तरी ती रोजचीच असतील असे नाही. तिथे ज्याला सी म्हटले आहे तो एखादा लहानसा राखीव कप्पा असू शकतो आणि रोजचा सी तिथे डी झालेला असू शकतो. म्हणून अक्षरांवर जाऊ नये, आकारावर जावे. आपली विंडोज किती जीबीच्या कप्प्यात आहे आणि फोटोंचा कप्पा किती जीबीचा, हे यंत्र चालू असतानाच कागदावर लिहून ठेवलेले असेल तर या पडद्यावर हात थरथरत नाही. यादीत १०० एमबीचा एक छोटा कप्पा दिसेल. तो कचरा नव्हे. यूईएफआयचे बूट लोडर त्यातच राहतात. "एवढासा आहे, काढून टाकू" म्हणून तो उडवणारे पुष्कळ आहेत.

डेस्कटॉप संगणकात दोन डिस्क असतील तर इन्स्टॉलेशनपुरती दुसरीची तार सरळ काढून ठेवावी. चुकीची डिस्क पुसली जाण्याची भीती तर उरत नाहीच, पण आणखी एक त्रास वाचतो. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज स्वतः नव्या डिस्कवर बसते आणि आपला बूट लोडर कधी कधी जुनीवरच्या त्या १०० एमबीच्या कप्प्यात ठेवते. महिने जातात. मग कुणी जुनी डिस्क काढून भाच्याला देतो आणि नवी सुरू होईनाशी होते. सगळे म्हणतात नवी डिस्क खराब निघाली.

याच पडद्यावर दुसरा घोटाळा होतो, आणि पुसलेल्या डिस्कच्या बहुतेक कहाण्या आमच्या मते इथूनच सुरू होतात. विंडोज म्हणते, या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, यूईएफआय यंत्रात विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसते. किंवा नेमके उलट म्हणते, डिस्क जीपीटी आहे म्हणून बसवता येत नाही. घाईतला कारागीर इथे काळी खिडकी उघडतो, "डिस्कपार्ट" म्हणतो, "क्लीन" म्हणतो. तक्ताच पुसला जातो. मग नवा तक्ता, नवे कप्पे, नवी विंडोज, आणि सामान त्या नव्या विंडोजखाली गाडलेले. खरे तर या संदेशाचा अर्थ एवढाच असतो की पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला ती पद्धत आणि डिस्कचा तक्ता यांचा मेळ नाही. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा आधी "यूईएफआय" लावून. यंत्र बंद करून दुसऱ्या ओळीने सुरू करून पाहावे. एवढ्यावरही मार्ग निघतो. आणि तक्ता बदलायचाच असेल तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून "एमबीआरटूजीपीटी" नावाचे साधन आहे, ते फाइली न पुसता एमबीआरचे जीपीटी करते. त्याची एक अट अशी की मुख्य कप्पे तीनपेक्षा जास्त नसावेत. नक्कल तरीही आधी काढायचीच.

कधी या पडद्यावर एकही डिस्क दिसत नाही. अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे होते. डिस्क ठणठणीत असते, पण इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या सोयीच्या आड असते आणि तिच्याशी बोलायला विंडोजच्या पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडून तो ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि "लोड ड्रायव्हर" दाबून दाखवावा. अशा वेळी नवी डिस्क विकत घ्यायला लावणाऱ्यापासून सावध राहावे.

लिनक्स शेजारी टाकणाऱ्यांसाठी थोडके. विंडोजचा कप्पा लहान करायचा तर तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावा. "फास्ट स्टार्टअप" बंद करावे, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेली राहते, आणि लिनक्सला तिचा कप्पा नुसता वाचता येतो किंवा तेवढाही नाही. मिंटचा इन्स्टॉलर "विंडोजच्या शेजारी" आणि "डिस्क पुसून" असे दोन पर्याय जवळजवळ दाखवतो. त्यातला दुसरा खरोखर सगळे पुसतो. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट चांगले चालते आणि घरातल्या कामाला पुरते, असा आमचा अनुभव आहे. टॅलीवाल्यांनी मात्र विंडोजवरच राहावे. मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी केली तर विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभर वाढीव सुरक्षा मिळण्याचीही सोय ठेवलेली होती. लिनक्स शिकायचे असेल तर मुलुंडकरांच्या शेजारीच, पवईच्या आयआयटीत, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्याचे लिनक्सचे पाठ मराठी आवाजात फुकट ऐकता येतात. घरातल्या मुलीने ते सुटीत ऐकले तर ती अख्ख्या इमारतीची कारागीर होईल.

काही बिघाड तर इतके साधे असतात की सांगताना संकोच वाटतो. मे महिन्यात कुटुंब गावी जाते, परत आल्यावर डेस्कटॉप म्हणतो बूट डिव्हाइस नाही आणि तारीख भलत्याच वर्षाची दाखवतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपलेली असते. तिच्याबरोबर बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, यूईएफआयचे लेगसी होते किंवा लेगसीचे यूईएफआय, आणि आतली प्रणाली सापडत नाही. बॅटरी बदला, ती सेटिंग पूर्वीसारखी करा, झाले. काही वेळा तर नुसता जुना पेन ड्राइव्ह मागे लागलेला राहिलेला असतो.

डिस्कच खराब आहे हे ओळखायचे कसे? बायोसच्या यादीत तिचे नावच येत नसेल, किंवा आतून टकटक असा आवाज येत असेल तर ती खरोखर आजारी आहे. टकटक ऐकू आली की यंत्र बंद करावे आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. आतली सुई प्रत्येक खेपेला थोडे थोडे खरवडत असू शकते. अशी डिस्क डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी, तीही आत मोलाचे काही असेल तरच, कारण तो खर्च लॅपटॉपच्या किमतीला भिडू शकतो.

आमचे मत विचाराल तर आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपवर जुन्याच डिस्कमध्ये भिंती पाडत आणि बांधत बसू नये. नवा एसएसडी घ्यावा, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी, आणि नवी प्रणाली कोऱ्या एसएसडीवर टाकावी. पार्टिशनच्या पडद्यावर मग पुसण्यासारखे काही उरतच नाही. जुनी डिस्क यूएसबीची तार लावून बाहेरून उघडता येते. ती तार काही शे रुपयांत मिळते. मुलुंडहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, आणि तिथे यातले सगळे मिळते. जुना लॅपटॉप एसएसडीवर इतका चपळ होतो की घरच्यांना तो नवा वाटतो.

दुकानात यंत्र देतानाही हाच विचार उपयोगी पडतो. घरातल्या भगिनींचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती, निकाहनामा, बँकेचे कागद, हे सगळे त्या डिस्कमध्ये असते. बहुतेक कारागीर अमानत सांभाळणारे असतात, पण अनोळखी हातात घराची किल्ली कुणी देत नाही. स्क्रीन किंवा कीबोर्डची दुरुस्ती असेल तर डिस्क काढून घेऊनच यंत्र द्यावे. डिस्कचेच काम असेल तर शेजारी बसावे. "फॉरमॅट" हा शब्द आला की विचारावे: डिस्क बायोसमध्ये दिसते का? नक्कल काढलीत का, कुठे काढलीत, मला उघडून दाखवा. या प्रश्नांना जो चिडतो त्याच्याकडून यंत्र उचलून आणावे.

इथपर्यंत आम्ही एवढेच म्हणत आलो की सामान बहुधा सुखरूप असते. एका बाबतीत मात्र तसे नाही. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरले की विंडोज डिस्कला आपोआप बिटलॉकरचे कुलूप लावते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूट बदलला किंवा मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागतो. ती नसेल तर डिस्क ठणठणीत, तक्ता शाबूत, फोटो जागेवर, आणि तरीही ते कुणालाच उघडता येत नाहीत. आम्हालाही नाही, लॅमिंग्टन रोडलाही नाही, मायक्रोसॉफ्टलाही नाही. ही किल्ली बहुधा ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, आणि आपल्याकडे ते खाते पुष्कळदा दुकानदाराने किंवा मामूंच्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर काढलेले असते. म्हणून यंत्र चालू आहे तोवरच सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" शोधून पाहा. ते चालू असेल तर किल्ली कागदावर उतरवा, अंक दोनदा ताडून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता रेशन कार्ड आणि घराचे करारपत्र जिथे ठेवता त्या फाइलीत ठेवा.